‘डिजिटल ट्विन’ला मराठीत काय म्हणावं?

नेरूळ : आमच्या कॉलेजात मेकॅनिकलचे एक सर डिजिटल ट्विन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करतात. २७ फेब्रुवारीच्या भित्तिपत्रकासाठी त्यांच्या कामाचा मराठी गोषवारा माझ्या गळ्यात पडलाय. पंपाला सेन्सर लावायचे, त्याची थरथर आणि तापमान सतत संगणकात बनवलेल्या तशाच पंपाकडे, म्हणजे त्याच्या डिजिटल ट्विनकडे पाठवायचं, बेअरिंग कधी जाणार ते तिथे एआयनं ओळखायचं आणि गरज पडली तर तिथूनच पंपाचा वेग उतरवायचा. मी ‘अंकीय प्रतिकृती’ लिहिलं. सर म्हणाले, “प्रतिकृती शोकेसमध्ये ठेवतात.” मग काय लिहू?

ठाणे : सरांचं बरोबर आहे. दिवाळीत अंगणात आपण रायगड करतो. खऱ्या रायगडाचा दगड निखळला तर त्या मातीच्या किल्ल्याला पत्ताही लागत नाही. या विषयात तीन पायऱ्या मानतात. माहिती हातानं भरली तर मॉडेल, आपोआप पण एकाच बाजूनं आली तर शॅडो, आणि दोन्हीकडून ये-जा असेल तरच ट्विन. म्हणजे प्रतिकृती, पडछाया, जुळं. एकाला ठेच लागली की दुसरा कळवळतो, ते जुळ्यांचंच लक्षण. मायकल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये कल्पना मांडली तेव्हा हे नाव नव्हतं, ते पुढे नासाच्या जॉन व्हिकर्स यांच्याकडून आलं. आणि ‘अंकीय’ काढाच. अंकीय घड्याळ कोणी मनगटावर बांधत नाही.

घणसोली : ‘जुळं’ला एक अडचण आहे. ‘तिला जुळं झालं’ म्हणजे दोन्ही बाळं. इंग्रजीत ट्विन म्हणजे दोघांतला एक. ‘पंपाचं जुळं’ वाचून मला शेजारी-शेजारी बसवलेले दोन पंपच दिसतात. ‘जावळं’ चालेल का? आमची आजी जावळं, म्हणजे जोड केळं गरोदर बाईच्या हाती लागू देत नसे.

ठाणे : नको हो, लोक जावळ काढायला न्हावी बोलावतील.

वाशी : ‘तोतया’?

ठाणे : पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तो मूळ माणसाची जागा घ्यायला. तो शब्द डीपफेकसाठी राखून ठेवा.

रबाळे : मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे ट्विनही कोणी म्हणत नाही आणि जुळंही नाही. ‘स्क्रीनवरचा पंप’ म्हणतात. “स्क्रीनवरचा तापलाय, खालचा बघून ये.” कंट्रोल रूम वरच्या मजल्यावर, म्हणून खरा पंप बिचारा ‘खालचा’ झाला!

वाशी : मला ‘जुळं’ दिसण्यावरून खटकत होतं. पण नवी मुंबईलाही मुंबईचं जुळं शहर म्हणतातच की, आणि ती वसवणारी सिडको निघाली १९७० मध्ये! ना वय जुळत, ना तोंडवळा. सोलापुरात तर ‘जुळे सोलापूर’ नावाची अख्खी वस्ती आहे. तेव्हा माझी हरकत मागे.

घणसोली : माझी नाही. ‘जुळं’ नको, ‘जुळा’ लिहा. ‘पंपाचा जुळा’ म्हटलं की ‘भाऊ’ आपोआप ऐकू येतो आणि एकच जण उरतो.

नेरूळ : ‘पंपाचा डिजिटल जुळा’ असं लिहून दिलं. सर खूश, पण त्यांचा पुढचा प्रयोग पाण्याच्या टाकीवर आहे. तिथे काय?

घणसोली : टाकीची जुळी. बहीण आहे ती.

रबाळे : आणि मशीनचं?

घणसोली : …मशीनचं जुळं. आलो पुन्हा तिथेच.