आरमधून डेटाबेसला क्वेरी पाठवायची, तर एसक्यूएल हातानेच लिहावं का?

आकडेमोड (मूळ धागा)

आमच्या गटात नवीन माणूस आला की हा वाद पुन्हा उभा राहतो, म्हणून इथे मांडते. विश्लेषण आर या संख्याशास्त्राच्या भाषेत, डेटा मात्र पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. सध्या रूढ झालेली वाट म्हणजे डीबीप्लायर: तुम्ही आरमध्येच फिल्टर, ग्रुप-बाय, समराइज लिहायचं, पॅकेज त्याचं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) बनवून डेटाबेसकडे धाडतं. मला ही वाट पटत नाही. एसक्यूएल स्वतः लिहावं, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावं आणि आरमधून डीबीआय या डेटाबेसशी जोडणाऱ्या पॅकेजच्या साहाय्याने ते नुसतं चालवावं.

दोन भाषांचे नियम वेगळे आहेत आणि डीबीप्लायर तो फरक झाकून टाकतं. तालुकावार पॉझिटिव्ह नमुन्यांचं प्रमाण काढायचं आहे असं धरा. आरमध्ये ५ ला २ ने भागलं की २.५ येतात. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही स्तंभ पूर्णांकी असतील तर उत्तर २ येतं. डीबीप्लायर भागाकाराचं चिन्ह तसंच पुढे पाठवतं, आणि जिथे निदान एक नमुना निगेटिव्ह आहे अशा प्रत्येक तालुक्यापुढे शून्य येऊन बसतं. एरर नाही, इशारा नाही.

दुसरं उदाहरण दोन तक्ते जोडण्याचं (जॉइनचं). रुग्णनोंदींत काहींचा गावकोड रिकामा आहे, गावांच्या यादीतही एखादी ओळ कोडशिवाय आहे. आरमधल्या डेटाफ्रेमवर लेफ्ट-जॉइन केलं तर रिकामा कोड रिकाम्या कोडला जुळतो, आणि त्या सगळ्या रुग्णांना त्या एका ओळीतलं गाव चिकटतं. हेच लेफ्ट-जॉइन डेटाबेसवर चालवलं तर जुळत नाही, कारण एसक्यूएलमध्ये नल (रिकामी किंमत) कशाच्याच बरोबरीचा नसतो, दुसऱ्या नलच्याही नाही. म्हणजे कोड अक्षरशः तोच, पण कलेक्ट (डेटा आरमध्ये उतरवणारी आज्ञा) जॉइनच्या आधी आहे की नंतर यावर उत्तर बदलतं! सार्वजनिक आरोग्याच्या अहवालात असं चालणार नाही. एसक्यूएल समोर दिसत असेल तर माणूस एसक्यूएलच्या नियमांनी विचार करतो.

रांगस्तंभ

पूर्ण असहमत. भागाकाराची चूक हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्येही जशीच्या तशी होते. ज्याला ती माहीत आहे तो दोन्हीकडे आधी १.० ने गुणेल, ज्याला माहीत नाही तो दोन्हीकडे फसेल. जॉइनचं तुमचं उदाहरण खरं आहे, पण त्यासाठी एनए-मॅचेस हा, रिकाम्या किंमती जुळवायच्या की नाही ते सांगणारा, पर्याय दिलेला आहे. तो स्पष्ट लिहावा, प्रश्न मिटला. आणि झाकलेलं काहीच नाही, शो-क्वेरी म्हटलं की तयार झालेलं एसक्यूएल समोर येतं.

आता दुसरी बाजू बघा. जिल्हा, वयोगट, लिंग, तारीख यांतले कोणते निकष लागणार हे वापरणारा ठरवतो. हाताने एसक्यूएल लिहिणारा माणूस इथे आरचं पेस्ट हे फंक्शन वापरून मजकुराचे तुकडे जोडायला लागतो. एखाद्या नावात अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडते, आणि कुणी मुद्दाम घातलं तर एसक्यूएल इंजेक्शनला (मजकुरातून डेटाबेसला भलतीच आज्ञा घुसवण्याला) दार उघडं. डीबीप्लायरमध्ये निकष एकामागून एक जोडत जा, अवतरणं तेच सांभाळतं. संख्याशास्त्र शिकून आलेल्या मुलांना आर येतं, एसक्यूएल नाही. त्यांना पहिल्या आठवड्यात उपयोगी काम करता येणं मला फार मोलाचं वाटतं.

आकडेमोड

पेस्ट वापरा असं मी म्हटलंच नाही. किंमती पॅरामीटर म्हणून वेगळ्या पाठवता येतात, डीबीआयमध्ये ती सोय आहे. ऐच्छिक निकषही पॅरामीटर नल असेल तर सोडून द्या, असे लिहिता येतात. मुलांना आर येतं हे मान्य, पण म्हणूनच त्यांना एसक्यूएल शिकवायला हवं. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा आजही टिकून आहे. पॅकेजं तेवढी टिकतील असं मला वाटत नाही.

गोदाकाठ

तुम्ही दोघंही विनाकारण सर्व्हरवर अडून बसला आहात. एक कोटी ओळी, वीस आकडी स्तंभ, प्रत्येक आकड्याला ८ बाइट, म्हणजे साधारण १.६ जीबी. आजच्या लॅपटॉपला हे पेलतं. एकदाच सगळं उतरवा, पार्के या स्तंभवार साठवणाऱ्या फाइलमध्ये ठेवा आणि डकडीबीने आरमधूनच क्वेरी करा. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत घडलेला हा डेटाबेस अशाच कामासाठी आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही.

कुलूपकिल्ली

मी डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. गोदाकाठ, मेमरीत मावतं म्हणून रुग्णांच्या नोंदी लॅपटॉपवर न्यायच्या? लॅपटॉप हरवला तर जबाबदार कोण? शिवाय सोमवारी उतरवलेली प्रत आणि गुरुवारचा सर्व्हर यांचे आकडे जुळत नाहीत, मग त्याची विचारणा आमच्याकडे येते. एकत्रित केलेले आकडे न्या, व्यक्तिगत ओळी नकोत. डकडीबीबद्दल तक्रार नाही, प्रतींबद्दल आहे.

बाकी दोघांना: क्वेरी कोण लिहितं याने मला फरक पडत नाही, ती काय करते याने पडतो. वर्ष २०२३ हवं म्हणून तारखेच्या स्तंभावर इयर हे फंक्शन लावलं की तारखेवरचा साधा इंडेक्स (झटपट शोधायची सूची) वाया जातो आणि अख्खं टेबल वाचलं जातं. १ जानेवारी २०२३ पासून १ जानेवारी २०२४ च्या आधीपर्यंत, असं लिहा. हे आरमध्येही लिहिता येतं. आणि कनेक्शन बंद करत जा! पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १०० कनेक्शनची असते. आरस्टुडिओ उघडं टाकून घरी जाणारे चारपाच जण, त्यांच्या प्रत्येकाच्या तीनचार जोडण्या, अशाने इतरांची कामं अडतात. खातं फक्त वाचनाचं मागा, लिहिण्याचा अधिकार विश्लेषणाला लागतच नाही.

सारणी

एक भर. काउंट पोस्टग्रेसकडून ६४ बिटी पूर्णांक म्हणून येतो आणि आरचा स्वतःचा पूर्णांक ३२ बिटी, कमाल २,१४,७४,८३,६४७. म्हणून तो इंटिजर-६४ या वेगळ्या प्रकारात उतरतो. त्याच्यावर साधं इफ-एल्स चालवलं की आकडे भलतेच दिसतात. क्वेरी हाताने लिहा वा पॅकेजने, हे दोन्हीकडे होतं. डेटाबेसशी कनेक्शन उघडतानाच बिग-इंट (हा ६४ बिटी पूर्णांक) न्यूमेरिक म्हणून मागा.

आकडेमोड

कुलूपकिल्लींचा इंडेक्सचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे असं मला वाटतं. एसक्यूएल लिहिणारा माणूस एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघण्याची शक्यता जास्त असते. तरी मध्यममार्ग सुचवते: चाचपणी डीबीप्लायरने करा. छापून जाणारा आकडा मात्र फाइलमधल्या, दुसऱ्या माणसाने वाचून तपासलेल्या एसक्यूएलमधूनच यावा.

रांगस्तंभ

मग एकाच आकड्याच्या दोन व्याख्या झाल्या, एक चाचपणीची आणि एक छपाईची. सहा महिन्यांनी पॉझिटिव्हची व्याख्या बदलली की एकीकडे दुरुस्ती होईल, दुसरीकडे राहील. मी तपासणीला आर कोड आणि शो-क्वेरीचं एसक्यूएल दोन्ही देतो, पॅकेजची आवृत्ती आरएन्व्हने बांधून ठेवतो. वाचणाऱ्याला एसक्यूएल हवं असेल तर ते तिथे आहेच, पण व्याख्या एकाच जागी राहते.

आकडेमोड

पॅकेजने बनवलेलं, पोटात पोट असलेल्या सबक्वेऱ्यांचं एसक्यूएल कुणी खरंच वाचतं का? नव्या आवृत्त्यांत ते सुटसुटीत झालंय हे खरं, पण आठ पायऱ्यांच्या कामात अजूनही वाचवत नाही. दुहेरी व्याख्येची भीती मला पटते. त्यावर माझा उपाय डेटाबेसमध्येच व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) बनवण्याचा आहे: व्याख्या तिथे, एसक्यूएलमध्ये, आणि तुम्ही तो व्ह्यू डीबीप्लायरने खुशाल वाचा. कुलूपकिल्ली, वाचनाचंच खातं असलेल्यांना व्ह्यू बनवून द्याल का?

कुलूपकिल्ली

देऊ. एसक्यूएल लिहून पाठवा, आणि व्याख्या बदलायची असेल तेव्हा ती कुणी मंजूर करायची ते आधी ठरवा.