किमान-कमाल काढायला जोड्या लावायच्या की सरळ चालत जायचं?

मोंढ्यातला कोडर: लातुरात एका अडतीचं सॉफ्टवेअर सांभाळतो, सी प्लस प्लसमध्ये. दिवसभराचे सोयाबीनचे सौदे एका ॲरेत, म्हणजे ओळीनं मांडलेल्या यादीत, संध्याकाळी किमान अन् कमाल दर काढायचा. आधीच्या माणसानं त्यासाठी अख्खा ॲरे सॉर्ट केलाय, म्हणजे चढत्या क्रमानं लावलाय! हजार सौद्यांना दहा हजाराच्या घरात तुलना. मी म्हणतो, जत्रेतल्या कुस्तीसारख्या जोड्या लावा. हरला तो कमाल होत नाही, जिंकला तो किमान होत नाही. हरलेल्याची गाठ फक्त किमानशी, जिंकलेल्याची कमालशी. सरळ चालत प्रत्येकाला किमान अन् कमाल दोन्हींशी ताडलं तर दोघांमागं चार तुलना, जोड्यांत तीन. हजाराला १९९८ च्या जागी १४९८.

गोदाकाठ: पेपरात लिहायला झकास. पण प्रोसेसर तुलनेचा निकाल काय लागेल याचा आधीच अंदाज बांधून पुढं पळतो, अंदाज चुकला की ठेच लागून वेळ जातो. दर कसेही आले तर हजारात नवा कमाल सरासरी सात-आठ वेळाच सापडतो, म्हणजे ‘नाही’ हा अंदाज जवळपास कायम बरोबर. जोडीत कोण मोठा, हा मात्र छापा-काटा. ५०० तुलना वाचवायच्या अन् अडीचशेदा ठेच खायची! सरळ चालणाऱ्या साध्या लूपचं तर कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा) असं भाषांतर करतो, की एका दमात चार-आठ आकडे बघून होतात.

मोंढ्यातला कोडर: मग सी प्लस प्लसमधल्या मिनमॅक्स एलिमेंट या किमान-कमाल काढणाऱ्या तयार फंक्शनला जोड्यांइतक्याच तुलनांची मर्यादा का घातली ओ? संगणकशास्त्रज्ञ आयरा पोल यांनी १९७२ लाच दाखवलंय, याहून कमी तुलनांत जमत नाही.

गोदाकाठ: तुलना कमी म्हणजे वेळ कमी, असं कुठं म्हणलेत? लांबलचक नावं ताडायची असतील तर लाव जोड्या. तुझे आकडे आहेत.

बालाघाटची लेक: तुम्ही दोघं कशावर भांडायलात! आमच्याकडं किमान दर ० दिसायचा, कारण सुरुवातच शून्यापासून. शेतकरी विचारायचे, “फुकट कुणी घातलं, ताई?” दुरुस्त करताना मी शहाणपणा केला: कमालच्या वर गेला तर कमाल बदल, नाहीतरच किमान बघ. त्या दिवशी दर चढतच गेला, ४१००, ४१५०, ४२००. प्रत्येक आकडा कमाल ठरला, किमानकडं कुणी फिरकलंच नाही. आधी दोन्ही पहिल्या सौद्यापासून सुरू करा. मोंढा बंद असला की ॲरे रिकामा, तेही तपासा.

मोंढ्यातला कोडर: बरं ताई. पण सॉर्ट काढायचं, यावर तरी एकमत ना?

गोदाकाठ: मधला दर कुठून काढता?

मोंढ्यातला कोडर: …तीस ओळी खाली. त्याच सॉर्ट केलेल्या ॲरेतून.

गोदाकाठ: मग दोन्ही टोकं फुकटच की रे.