अनुभव धागा : पदवी, शहरातील पहिली नोकरी आणि इतरांसाठी काढलेला वेळ

पदवी हातात पडल्यावर नोकरीसाठी शहरात आलेल्या मुलामुलींना दुसऱ्यांसाठी वेळ काढणे खरोखर जमते का, जमत असेल तर ते नेमके काय करतात आणि नोकरी त्यात कुठे आड येते, हे प्रत्येकाने आपल्या अनुभवातून लिहावे, यासाठी हा धागा काढत आहे. सुरुवात माझ्यापासून करते.

मी मूळची बार्शीची. बी.एस्सी. करून पुण्यात खराडीला नोकरी करते आणि अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षांना लेखनिक म्हणून बसते. तीन तासांच्या पेपराला त्यांना एक तास वाढीव मिळतो, म्हणजे चार तास सलग लिहायचे असते. प्रश्न गुणांसह दोनदा वाचून दाखवायचा, ते सांगतील तेच उतरवायचे, 'नवा परिच्छेद' म्हटले की परिच्छेद पाडायचा आणि 'पानावर किती ओळी उरल्या?' असे विचारले की मोजून सांगायचे. एम.ए. इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने साल्बाईच्या तहाचे वर्ष १७८४ सांगितले. तह १७८२ चा, हे मला ठाऊक होते. तरीही मी १७८४ च लिहिले, कारण पेपर तिचा होता आणि तिने वर्षभर केलेल्या अभ्यासात माझी भर घालण्याचा मला अधिकार नव्हता. या कामातील खरी अडचण वेगळीच आहे. विद्यापीठाचे पेपर बहुधा कामाच्या दिवशी असतात. रविवारी हवे तितके लेखनिक मिळतात, मंगळवारी सकाळी मात्र कोणी मिळत नाही, म्हणून माझ्या हक्काच्या रजा मी एप्रिल-मेसाठी राखून ठेवते. लग्नकार्यांना जाता येत नाही याचे घरच्यांना वाईट वाटते, आणि ते मला समजते.

लोअर परळ, मुंबई

माझे कार्यालय परळच्या टाटा रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९४१ पासून चालत आलेल्या या रुग्णालयात देशभरातून कर्करुग्ण येतात, आणि केमोथेरपीने प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, घटलेल्या रुग्णाला दाता लागतो तो तातडीने. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात आणि तेवढे दिवसही त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे एका मोठ्या शिबिरात साठा करून महिनाभर निर्धास्त राहता येत नाही. दान करताना रक्त यंत्रातून फिरते, प्लेटलेट बाजूला काढल्या जातात आणि उरलेले रक्त परत आपल्याच शरीरात येते. यात तासाभराहून थोडा अधिक वेळ जातो. मध्येच ओठांभोवती मुंग्या येतात, तसे सांगितले की सिस्टर कॅल्शियमची गोळी देतात. मे महिन्यात आणि दिवाळीत महाविद्यालये बंद असल्याने दाते कमी होतात, म्हणून मी नेमका तेव्हाच जातो. दान करण्याआधी तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेले चालत नाही, हे नव्याने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

डोंबिवली

धागाकर्तीने जमते का, असे विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मला जमत नाही. सकाळची जलद लोकल, दिवसभर काम आणि रात्री परत. पगारातून धाकट्या भावाची फी आणि वडिलांच्या पीककर्जाचा हप्ता गेला की हातात भाड्यापुरते उरते. घरच्यांसाठी केलेले मदतीत धरू नये, असे मानणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. भाऊ शिकला तर माझ्या घरातील कर्जाची साखळी तुटणार आहे.

मरोळ, मुंबई

आम्ही चौघे बीड जिल्ह्यातील, एका खोलीत राहतो. पोलीस भरती निघाली की गावाकडची मुले आमच्याकडे उतरतात आणि ज्यांचे शहरात कोणी नाही ती पुलाखाली, फलाटावर किंवा मैदानाबाहेरच्या पदपथावर रात्र काढतात. २०२४ ची भरती जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात सुरू झाली. ओल्या जागी अंग टाकून, बिस्किटांवर रात्र काढून पहाटे सोळाशे मीटर धावायचे, आणि त्या एका धावण्यावर वर्षानुवर्षांची तयारी तोलली जायची, हे पाहवत नव्हते. आम्ही ओळखीपाळखीच्या खोल्यांची यादी केली, नोकरदार मुलांना आठवडाभर दाटीने झोपायला राजी केले आणि घरमालकांशी आधीच बोलून घेतले, कारण अनोळखी मुले दिसली की इमारतीत कुरकुर सुरू होते. रात्री खिचडी, पहाटे तीनचा गजर, निघताना केळी. एक मुलगा बूट भिजल्यामुळे रडकुंडीला आला होता; आमच्यातील एकाने रात्रभर पंख्यासमोर धरून आणि आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ते वाळवले. मैदानावर यश मिळेल की नाही हे आमच्या हातात नसते, पण मुलगा झोपून उठलेला असावा, एवढी व्यवस्था शहरात राहणाऱ्यांना सहज करता येते. भरतीची तारीख कळताच आपापल्या तालुक्याच्या मुलांनी अशी यादी करावी, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

रुग्णालयातील समाजसेवा विभागातून, छत्रपती संभाजीनगर

आपणा सर्वांचे अनुभव वाचून समाधान वाटले. माझी नोकरी बरीच झाली आहे, म्हणून एक काम सुचवते. खेड्यातून रुग्ण येतो तेव्हा मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे मदतनीस, रुग्णालयातच भेटतो, पण नातेवाइकांचे पाऊल कागदांपाशी अडते. सुनेचे नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवर असते, आधार कार्डावर आडनावाची वेलांटी वेगळी असते किंवा पत्रिका गावीच राहिलेली असते. असा माणूस रांगेत उभा राहतो आणि खिडकीशी पोहोचल्यावर परत पाठवला जातो. शिकलेल्या मुलाने त्याच्याशेजारी बसून कागद आधीच तपासले, गावी फोन करून पत्रिकेचे छायाचित्र मागवले आणि दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात कोणी जायचे ते ठरवून दिले, तर उपचार लवकर सुरू होतात. फोन शुक्रवारच्या आत करावा. २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवारी समजलेली चूक सोमवारपर्यंत तशीच पडून राहते.