नकली चिप निकामी करायचा हक्क कंपनीला आहे का?

खडखडाट
ऑक्टोबर २०१४ आठवतोय? ग्लासगोच्या एफटीडीआय या चिप कंपनीने विंडोज अपडेटमधून त्यांच्या यूएसबी-सिरियल चिपचा (सिरियल पोर्टवर चालणारी उपकरणं संगणकाच्या यूएसबीला जोडायच्या केबलमध्ये ही बसवलेली असते) नवा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, सोडला. त्यांच्या एफटी२३२ चिपची नक्कल सापडली की तो तिच्या ईईप्रॉममधला (चिपची कायमची मेमरी) प्रॉडक्ट आयडी, म्हणजे संगणक जिच्यावरून चिप ओळखतो ती खूण, ६००१ पुसून ०००० लिहायचा. बदल चिपमध्येच झालेला, त्यामुळे जुना ड्रायव्हर टाका नाहीतर दुसऱ्या मशीनला जोडा, केबल मेलेलीच.

माझ्या मते ही सरळ तोडफोड होती. नक्कल करणारा पैसे घेऊन कधीच मोकळा झाला. मार खाल्ला तो लॅमिंग्टन रोडवरून किंवा तापकीर गल्लीतून केबल आणणाऱ्याने. त्याला कळणार तरी कसं? चिपा उघडून बघणाऱ्या झेप्टोबार्स ब्लॉगवाल्यांनी त्याच वर्षी अस्सल आणि नकली चिपांचं कवच अ‍ॅसिडने उतरवून आतले फोटो काढले, तेव्हा कुठे दिसलं की नकलीत प्रोग्रॅम घातलेला मायक्रोकंट्रोलर (छोटा संगणकच) बसवलाय. गिऱ्हाइकाने काय अ‍ॅसिडची बाटली घेऊन दुकानात जायचं?

मूळमालक
गिऱ्हाईक गरीब बिचारं, आणि कंपनी धर्मशाळा? ड्रायव्हर फुकट मिळतो, पण तो लिहायचा खर्च चिपच्या किमतीतूनच निघतो. नकलीवाला लोगो त्यांचा छापतो, ०४०३ हा व्हेंडर आयडी (कंपनीची खूण) त्यांचा वापरतो, आणि केबल बिघडली की शिव्याही त्यांनाच. शिवाय परवान्यात लिहिलं होतं, अस्सल नसलेल्या चिपवर वापराल तर ती कायमची खराब होऊ शकते.

खडखडाट
लिहिलं होतं, पण वाचायला कोणी दिलं? अपडेट आपोआप उतरलं.

प्रयोगशाळा४
मूळमालक, नकली चिप चालवायला नकार देणं वेगळं आणि दुसऱ्याच्या वस्तूत जाऊन लिहिणं वेगळं. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीने आपल्या पीएल२३०३ चिपच्या नकलांना नकारच दिला: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, 'कोड १०', विषय संपला. चिडचिड होते, पण वस्तू शाबूत राहते.

एफटीडीआयचं काम फार हुशारीचं होतं, आणि म्हणूनच जास्त खटकतं. अस्सल चिप ईईप्रॉममध्ये दोन-दोन 'शब्द' (डेटाचे ठरलेल्या लांबीचे तुकडे) जोडीने लिहिते. फक्त सम पत्त्यावर लिहायला सांगितलं तर काहीच बदलत नाही. नक्कल मात्र प्रत्येक शब्द लगेच लिहून मोकळी होते. ड्रायव्हरने नेमका हाच फरक वापरला, वर चेकसमही (डेटा बरोबर आहे का ते तपासायची बेरीज) जुळवून ठेवला. म्हणजे चुकून झालं म्हणायची सोय नाही.

कलमबहाद्दर
आपल्या आयटी कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकाला नुकसान करण्याबद्दलच आहे. केबलमधली चिप त्यात बसते की नाही यावर वकील दोन-चार वर्षं सहज काढतील.

मूळमालक
ईईप्रॉमवर लिहायला नको होतं, हे मान्य. आरडाओरड झाल्यावर त्यांनी तो ड्रायव्हर मागे घेतलाच की.

खडखडाट
आणि २०१६ मध्ये दुसरा आणला! त्यात चिप मरत नव्हती, पण खऱ्या डेटाऐवजी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड!' असा मजकूर जायचा. सिरियलवर एखादं मशीन चालत असेल तर त्याने हे वाचून काय करावं?

सोल्डरसम्राट
तुम्ही सगळे सीएच३४० विसरलात. नानजिंगच्या डब्ल्यूसीएचची चिप: नाव स्वतःचं, आयडी स्वतःचा, ड्रायव्हर स्वतःचा. स्वस्त आर्डुइनो नॅनो बोर्डांवर (हौशी प्रयोगांचे छोटे सर्किट बोर्ड) आता बहुतेक तीच दिसते. स्वस्तात विकायला कुणाचा लोगो चोरावा लागत नाही, त्यामुळे नकलीवाल्यांची कणव मला येत नाही. दुकानदाराला मात्र धरा, त्याला ठाऊक असतं.

नवशिका
माझ्याकडे अशी ०००० झालेली केबल पडून आहे. फेकू का?

प्रयोगशाळा४
फेकू नका. लिनक्सला लावा. त्याच्या ड्रायव्हरमध्ये ०००० हा आयडी मुद्दाम घातलाय, यादीत त्याचं नावच 'ब्रिक' आहे. तिथून ६००१ परतही लिहिता येतो.

मूळमालक
झालं! पुन्हा एफटीडीआयच्या मेहनतीवर फुकट्यांची मजा.

प्रयोगशाळा४
लिनक्सचा तो ड्रायव्हर एफटीडीआयने लिहिलेला नाही हो.