व्हॉल्व्हचा फोनो आणि आपला मे महिना

दादा, फोनो, म्हणजे तबकडीवरचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) घ्यावा की ट्रान्झिस्टरचा हे विचारताय, पण कार्ट्रिज, म्हणजे सुई असते तो भाग, कुठली ते आधी सांगा. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची असेल तर साधारण 5 मिलिव्होल्ट मिळतात, दोन्ही चालतील. मूव्हिंग कॉइलचे बहुतेकदा जेमतेम 0.3 ते 0.5. तिथे नुसता व्हॉल्व्ह सूंऽऽ करत बसतो. मग सिग्नल वाढवायला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे परत खर्च.

मी जळगावात तीन वर्षं ईसीसी 83 व्हॉल्व्हचा फोनो वापरला. हिवाळ्यात, मागच्या दारी भरताची वांगी भाजली जातायत आणि आत नाट्यसंगीताची तबकडी फिरतेय... काय सांगू! पण मे महिन्यात 44-45 अंशात त्या डब्याशेजारी बसवत नाही, त्यात व्होल्टेज खाली-वर. पुढे एक व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला. डब्यावर टिचकी मारली की स्पीकरमधून 'टिंग'. बदलला तेव्हा गेलं ते.

आणि तो 'उबदार आवाज' फक्त काचेतून येत नाही हो. तबकडी कोरताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवतात, त्या आरआयएए कर्व्हची उलट भरपाई किती अचूक केलीय त्यावर बरंच ठरतं, आणि स्वस्त व्हॉल्व्हवाल्यांची तिथेच बोंब असते.

हल्ली माझ्याकडे साधा ऑप-अँपवाला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या चिपचा फोनो आहे. कूलर चालू असला की फरक तसाही कळत नाही.