मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर नागीण मेंदूपर्यंत गेली, आता होणारा भ्रम व्हायरसचा की औषधाचा?

मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मोठा भाऊ, वय ४४, किडनी ट्रान्सप्लांट होऊन तीन वर्षं झालीत, किडनी आईची. तेव्हापासून शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधं चालू, क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं) १.३ च्या आसपास, सगळं सुरळीत होतं. गणपतीनंतर उजव्या कपाळावर आणि पापणीवर नागीण उठली. ट्रान्सप्लांटचा पेशंट म्हणून आमच्या डॉक्टरांनी लगेच व्हॅलासायक्लोविर हे व्हायरसवरचं औषध दिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. फोड सुकत आले आणि त्याच सुमाराला डोकं ठणकायला लागलं, ताप आला आणि दादा भलतंच बोलायला लागला, वहिनीला आत्या म्हणाला, रात्री लघवीला म्हणून उठला तो देवघरात जाऊन उभा. कोल्हापुरात एमआरआय केला, त्यात फार काही दिसलं नाही, मग तडक पुण्याला हलवलं.

इथे मणक्यातलं पाणी काढून तपासलं, पीसीआरमध्ये (व्हायरसचा अंश शोधणारी तपासणी) नागिणीचाच व्हायरस सापडला. म्हणजे मेंदूज्वर. शिरेतून ॲसायक्लोविर हे व्हायरसवरचं औषध सुरू केलं, दर आठ तासांनी, मायकोफेनोलेट सध्या बंद ठेवलंय. आणि खरंच फरक पडला हो, ताप गेला, माणसं ओळखायला लागला, चहा काय पाणचट आहे म्हणून कुरकुरला तेव्हा वहिनीला रडूच आलं.

पण परवापासून परत बिघडलंय आणि या वेळी तऱ्हा वेगळी आहे. ताप नाही. हातपाय मधेच उडतात, जीभ जड झालीये, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, आणि काल अगदी शांतपणे आईला म्हणाला, मी मेलोय ना, मग मला इथं का ठेवलंय. क्रिएटिनिन २.९ झालंय. न्यूरोवाले (मेंदूचे डॉक्टर) म्हणतात इन्फेक्शन आहे, औषध पूर्ण १४ दिवस जायलाच हवं. नेफ्रोवाले (किडनीचे डॉक्टर) म्हणतात औषध अंगावर चढलंय, डोस कमी करा. दोघंही चांगले आहेत पण राउंडला वेगवेगळ्या वेळी येतात आणि मधे आम्ही सांगकामे. कुणाच्या घरी असं झालंय का? नेमकं काय विचारायचं? आणि दादाचा मुलगा ४ वर्षांचा आहे, त्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, लस पण राहिलीये, त्याला धोका आहे का?

आत्याचे फोन चालूच आहेत, गेरू आणि दूर्वांचा लेप लावा, नागिणीची तोंडं जुळू देऊ नका वगैरे. कृपया त्यावर चर्चा नको.

प्रतिसाद:
मी मेडिसिनला रेसिडेंट आहे, पेशंट बघितलेला नाही हे धरून वाचा. तुम्ही सांगताय त्यात दोन गोष्टी डोळ्यात भरतात, आधी सुधारणा होऊन मग बिघडणं आणि नेमकं तेव्हाच क्रिएटिनिन वाढणं. ॲसायक्लोविर किडनीतूनच बाहेर पडतं, किडनी मंदावली की साठतं आणि मेंदूवर चढतं. अंग उडणं, नसलेलं दिसणं, बोबडी वळणं, हे त्यात होतं, आणि 'मी मेलोय' असं वाटणं या औषधासोबत किडनीच्या पेशंटमध्ये खरोखर नोंदलं गेलंय, म्हणून ते वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, भ्रम होतोय एवढंच म्हणू नका. गंमत म्हणजे, किंवा गंमत नाहीच, क्रिएटिनिनसुद्धा याच औषधाने वाढू शकतं, किडनीच्या नळ्यांत त्याचे खडे धरतात, म्हणून ते तासभर सावकाश आणि सोबत पुरेसं सलाईन देऊन सोडतात.

पण म्हणून व्हायरस गेला असं समजून औषध बंद करा म्हणणार नाही, ते भलतंच महागात पडेल. किडनीच्या आजच्या कामाप्रमाणे डोस ठरवणं हा मधला रस्ता असतो, आणि गरज पडली तर डायलिसिस, त्याने ॲसायक्लोविर बऱ्यापैकी निघून जातं. बाकी टॅक्रोलिमसची लेव्हल, सोडियम, बीपी बघितलंय का विचारा, टॅक्रोलिमसनेही हात थरथरतात, झटके येतात. दुखण्यासाठी प्रीगाबालिन चालू असेल तर तेही किडनीतून जातं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि परत एमआरआय लागेल का हेही विचारा. दोन्ही डॉक्टरांना एकदा एकाच वेळी भेटायची विनंती करा, ते तुमचं काम नाहीये निरोप पोचवायचं.

प्रतिसाद:
माझ्या सासऱ्यांना लिंफोमाच्या (एक प्रकारचा कॅन्सर) केमोत कपाळावरच नागीण झाली होती. मेंदूज्वर नाही झाला, पण बरे झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी अचानक डावा हात पडला. न्यूरोने सांगितलं की हा व्हायरस मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज आणतो आणि नागीण जाऊन आठवडे, महिने झाल्यावरही स्ट्रोक येऊ शकतो, चेहऱ्यावरच्या नागिणीत जास्त. तेव्हा डिस्चार्जनंतर तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, काहीही दिसलं तर थांबू नका, आणि तिथल्या डॉक्टरांना नागीण झाली होती हे आधी सांगा, कारण तोवर कपाळावर फक्त डाग उरलेले असतात.

मुलाबद्दल: नागीण आणि कांजिण्या एकाच व्हायरसने होतात. नागीण झालेल्याकडून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात, फोडांवर खपल्या धरेपर्यंत. त्याच्या लसीचं पेडियाट्रिशियनशी बोला, घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे हे सांगून.

धागाकर्ता:
खूप आभार. ते वाक्य नेफ्रोवाल्यांना तसंच्या तसं सांगितलं, त्यांनी तिथूनच न्यूरोला फोन लावला. डोस कमी केलाय, काल संध्याकाळी एकदा डायलिसिस झालं. आज हात उडणं कमी आहे, मुंग्यांचं नाव नाही, पण दिवसभर झोपूनच आहे. प्रीगाबालिन चालू होतंच, ते थांबवलंय. टॅक्रोलिमसची लेव्हल उद्या येईल.

आता एक वेगळं. शिंग्रिक्स नावाची नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, ती जिवंत व्हायरसची नाही म्हणून अशा पेशंटना चालते असं वाचलं. दादाला हे सगळं निवळल्यावर किती दिवसांनी द्यायची, कुणी ट्रान्सप्लांटनंतर घेतलीये का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण घेतलेल्यांचा अनुभव हवाय.