बुलेटचे दीड लाख क्रेडिट कार्डावर घासले. चुकलं का?

वडगावचा वाटसरू (धागाकर्ता)

घरात या विषयावर दोन तट पडलेत आणि दोन्हीकडची माणसं माझ्याशीच बोलत नाहीयेत, म्हणून इथे लिहितोय.

२७ सप्टेंबर, शनिवार. मित्राला शोरूममध्ये त्याची बुक केलेली गाडी कधी मिळणार ते विचारायचं होतं, मी नुसता सोबत गेलो होतो. त्याच आठवड्यात, २२ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला. त्याआधी पितृपक्ष. अडून राहिलेलं सगळं गिऱ्हाईक एकदम तुटून पडलं होतं. बसायला खुर्ची नाही, म्हणून मी तिथल्या काळ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर (घरी सगळे बुलेटच म्हणतात) बसलो. खुर्ची असती तर हा धागा निघाला नसता.

ऑन-रोड २ लाख ३० हजारांच्या आसपास. ८० हजार बचत खात्यातून दिले, १ लाख ५० हजार कार्डावर. लोनचं विचारलं होतं. सेल्समन म्हणाला, "पॅन, आधार, सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्या, फाइल पास व्हायला दोन-तीन दिवस. मग दसऱ्याच्या डिलिव्हरीचं नक्की सांगता येणार नाही. कार्ड आहे का सर?" चार आकडी पिन टाकला, झालं. दसऱ्याला हार, चाकाखाली लिंबू, पेढे, सगळं साग्रसंगीत.

आता १२ ऑक्टोबरला बिल आलंय, भरायची शेवटची तारीख १ नोव्हेंबर. माझं म्हणणं असं की पस्तीस दिवस बँकेचे दीड लाख फुकट वापरायला मिळाले, वर पॉइंट, आणि आरसीवर फायनान्सचा शिक्का नाही. १ तारखेला पन्नास हजार भरतो, उरलेले पगारातून आणि बोनसमधून तीन महिन्यांत. बायको म्हणते कार्ड किराणा-पेट्रोलसाठी असतं. वडील म्हणाले, "उधारीच्या घोड्यावर वरात." बोला.

खतावणी

अभिनंदन. गाडी छान आहे. पण तुमच्या पोस्टमधला "फुकट" हा शब्द आधी खोडा.

ते पस्तीस दिवस बिनव्याजी असतात कधी, तर १ नोव्हेंबरला पूर्ण बिल भरलंत तर. पन्नास हजार भरलेत की ती सवलत मागे जाऊन रद्द होते. आणि व्याज उरलेल्या लाखावर लागेल असं वाटत असेल तर तसं नाही. पूर्ण दीड लाखावर, २७ सप्टेंबरपासून. महिना साडेतीन टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४२. पस्तीस दिवसांचे साधारण ६,०४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,१०० च्या पुढे. पुढच्या लाखाचं मीटर वेगळं.

आणखी एक, जे बहुतेकांना बिल पाहिल्यावर कळतं. बाकी मागे राहिली की नव्या खरेदीलाही मुदत मिळत नाही. त्या कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशवीलाही पहिल्या दिवसापासून व्याज.

दोन चाकं पुरे

धागाकर्ते, तुम्ही बरोबर केलंत. घाबरवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

खतावणी साहेबांनी कार्डाची कुंडली मांडली, आता बाइक लोनचीही मांडा की. मी २०१९ ला लोनवर गाडी घेतली. शोरूममधल्या टेबलावर बसलेल्या माणसाने सांगितलं, "फक्त आठ टक्के." तो आठ टक्के फ्लॅट होता. म्हणजे मुद्दल फिटत आलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. दीड लाख, दोन वर्षं, आठ टक्के फ्लॅट धरा: व्याज २४ हजार, हप्ता ७,२५०. घटत्या शिलकीने मोजलं तर तो दर साडेचौदाच्या वर जातो. वर फाइल चार्ज, डॉक्युमेंट चार्ज, आणि शेवटी विमाही त्यांच्याकडूनच.

खरी गंमत पुढे. हप्ते संपले. आरसीवरचा बोजा उतरवायला फायनान्सवाल्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. आमच्या गावची शाखा बंद झालेली. एनओसीसाठी चार महिने फोन करत होतो, तेवढ्यात गाडीला आलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. कार्डवाल्याची आरसी पहिल्या दिवसापासून कोरी. याची किंमत कुणी धरतच नाही.

काउंटरपलीकडचा

दुचाकी शोरूममध्ये नऊ वर्षं काढली, आता तिथे नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

सेल्समनने स्वतःहून कार्ड सुचवलं हे वाचून हसू आलं. एरवी आम्ही कार्ड म्हटलं की तोंड वाकडं करायचो. कार्डाच्या मशीनवर दीड-दोन टक्के कापले जातात. दीड लाखावर दोन टक्के म्हणजे ३ हजार, आणि दुचाकीत डीलरचं मार्जिन असतं केवढं? म्हणून कुणी "पन्नास हजारांपर्यंतच" म्हणतो, कुणी दोन टक्के गिऱ्हाइकाच्या माथी मारतो. धागाकर्त्यांनी पावती परत बघावी, "हँडलिंग" किंवा तत्सम ओळ आहे का. उलट लोनची फाइल लावली की फायनान्स कंपनीकडून डीलरला कमिशन. त्यामुळे आम्हाला लोनवाला गिऱ्हाईक जावयासारखा.

मग सणाच्या गर्दीत कार्ड का चालतं? फाइलला लागणाऱ्या दोन दिवसांत गिऱ्हाईक घरी जातो. घरी बायको असते, वडील असतात, जेवण असतं. सोमवारी दहातले तीन परत येत नाहीत (हा माझा अंदाज, हिशेब कुणी ठेवला नव्हता). कार्डवाला घरी जातो तो पावती घेऊनच. आणि एकदा पिन टाकला की क्रॅश गार्ड, टूरिंग सीट, सायलेन्सरची जाळी, "सर त्यातच करून टाकू?" नाही म्हणणारा मी विरळा पाहिला.

वडगावचा वाटसरू

@काउंटरपलीकडचा: पावती बघितली. "लॉजिस्टिक" नावाने २,९५० आहेत. क्रॅश गार्डचं विचारू नका.

सातारची मावशी

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या ह्यांनी स्कूटर घेतली ती भिशीच्या पैशांतून. तेव्हा बजाजसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. तेवढ्या काळात पैसे साठायचे आणि हौस खरी की खोटी तेही कळायचं. आमच्या शेजाऱ्यांचा नंबर लागला तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, त्यांनी नंबर विकून टाकला आणि त्याचं काही वाईट वाटून घेतलं नाही. तुमच्या पिढीला दोन दिवससुद्धा जास्त वाटतात. दसरा पुढच्या वर्षीही असतो, बाळा.

दोन चाकं पुरे

मावशी, मान राखून सांगतो, ती काटकसर नव्हती, टंचाई होती. लायसन्स राज होतं म्हणून थांबलात. स्कूटर दुकानात उभी असती तर काकांनी भिशीचा पहिला नंबर लावून दुसऱ्या दिवशी आणली असती. आणि नंबर विकून पैसे केले, त्याला आज काळाबाजार म्हणतात 😀

सातारची मावशी

भिशीचा पहिला नंबर त्यांनी लावलाच होता. बोली लावून, तीनशे रुपये सोडून. ते मला पंधरा वर्षांनी कळलं. म्हणजे तुझं अगदीच चूक नाही.

पाठीवर पिशवी

सगळे पगारदार बोलताय म्हणून लिहितो. मी डिलिव्हरी करतो, रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर. सॅलरी स्लिप नाही. दोन ठिकाणी बाइक लोन नाकारलं, तिसऱ्याने २४ टक्के सांगितलं. शेवटी एका बँकेत साठ हजारांची एफडी केली, त्यावर कार्ड मिळालं. जुनी गाडी मेली तेव्हा ११० सीसीची घेतली, अर्धे रोख, अर्धे कार्डावर बारा हप्त्यांत. हप्ता चुकवला तर एफडी जाईल हे माहीत होतं, म्हणून एकही चुकवला नाही. दीड वर्षाने सिबिल, म्हणजे कर्जाची पत दाखवणारा आकडा, ७४० झाला.

तेव्हा "कार्डावर गाडी घेणारा मूर्ख" असं सरसकट म्हणू नका. पण दादा, माझी गाडी दुसऱ्या दिवशीपासून पैसे कमवायला लागली. तुमची काय करते?

वडगावचा वाटसरू

रविवारी सिंहगड पायथा. भजी खाते.

खतावणी

@पाठीवर पिशवी, तुमच्या पोस्टला दंडवत. तुम्ही कार्ड वापरलंत, पण आधी हप्ता ठरवून. मुद्दा तोच आहे. घासताना हप्ते बांधलेले असणं वेगळं आणि घासून मग "बघू" म्हणणं वेगळं.

@दोन चाकं, फ्लॅट रेटचं अगदी बरोबर. पण तो डाव आता उघडा पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांना माहितीपत्रक सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्ज धरून वार्षिक दर लिहावा लागतो. सही करण्याआधी तो आकडा मागायचा. क्रेडिट कार्डाची बाकी मात्र या नियमातून वगळलेली आहे.

दुसरं, कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो, कार्डावरच्या हप्त्यांच्या व्याजावरसुद्धा. दीड लाख, दोन वर्षं. बाइक लोन १२ टक्के घटत्या शिलकीने: व्याज साधारण साडेएकोणीस हजार. कार्डाचे हप्ते १६ टक्क्यांनी: सव्वीस हजार, वर जीएसटी पावणेपाच हजार. म्हणजे कोऱ्या आरसीची किंमत साडेअकरा हजार. चार महिने फोन करण्यापेक्षा ती परवडते असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

वाद मिनिममवर, म्हणजे बिलावरच्या किमान भरायच्या रकमेवर घालेन. दीड लाखावर पाच टक्के म्हणजे ७,५०० भरा, बँक खूश. त्यातले ५,२५० महिन्याचं व्याज, ९४५ जीएसटी. मुद्दलात पडले १,३०५. साडेसात हजारांचा हप्ता भरतोय या समाधानात माणूस वर्षभर राहतो.

नाक्यावरचा

कोर्टाने मागे ३० टक्क्यांच्या वर व्याज लावायचं नाही असं सांगितलं होतं ना? मग हे ४२ कसे घेतात?

खतावणी

ते राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. आता ३० ची भिंत नाही.

दोन चाकं पुरे

बरं, दर मान्य. पण एक प्रश्न सगळ्यांना. हाच माणूस ऐंशी हजारांचा फोन हप्त्याने घेतो तेव्हा कुणाच्या घरात दोन तट पडत नाहीत. दोन वर्षांत फोन भंगारात, बुलेट दहा वर्षांनीही पैसे देईल. हौसेला एवढी फाशी का? तिशीत घाट नाही फिरायचा तर काय साठीत, कंबरेचा पट्टा लावून?

काउंटरपलीकडचा

हौसेला कुणी फाशी देत नाहीये. शनिवारी खुर्ची नव्हती म्हणून झालेली हौस आणि सहा महिने यूट्यूबवर एक्झॉस्टचा आवाज ऐकत झुरणारी हौस, दोन्ही मी पाहिल्यात. पहिल्या जातीच्या गाड्या वर्षभरात एक्सचेंजला यायच्या, मीटरवर अडीच हजार किलोमीटर. धागाकर्ते कुठल्या जातीचे?

वडगावचा वाटसरू

प्रामाणिक उत्तर: आवाज कॉलेजपासून ऐकतोय. घ्यायची मात्र त्या दिवशी नव्हती.

खतावणींचा ७,१०० चा आकडा बायकोला दाखवला. ती काही बोलली नाही, नुसता फोन माझ्या हातात परत दिला. ते जास्त लागलं. मग बँकेला फोन केला. लाखाचे बारा हप्ते करून देतो म्हणाले, १५ टक्के, प्रोसेसिंग वेगळी, वर व्याजाला जीएसटी. म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या आसपास. शिवाय तेवढी लिमिट अडकून राहणार. शेवटी ऑफिसच्या पतसंस्थेत गेलो. दहा टक्के, पगारातून कपात, दोन जामीनदार. १ तारखेच्या आत पैसे मिळतील असं सेक्रेटरी म्हणालेत. पन्नास माझे, लाख त्यांचे, कार्ड कोरं.

पहिल्या जामीनदाराने सही करण्याआधी चक्कर मारायला किल्ली मागितली. दुसरा म्हणाला, "लोनच काढायचं होतं तर दसऱ्याआधी का नाही आलास?" फॉर्मवर "कर्जाचे कारण" असा रकाना आहे. त्यापुढे पेन धरून बराच वेळ बसलो होतो.

सातारची मावशी

मग काय लिहिलंस?

वडगावचा वाटसरू

सेक्रेटरींनीच सांगितलं, सगळे लिहितात तेच लिहा. "घरगुती अडचण."